अंतऱ्याला वेळ नाही

गीतकारावरच्या सांगीतिक कार्यक्रमाची पत्रिका हाती आली की मी ती खालून वर वाचतो. सर्वांत खाली प्रायोजक असतात आणि त्यांची अक्षरं सर्वांत मोठी असतात. त्यांच्यावर विशेष सहकार्य, त्यावर ध्वनी, प्रकाश, नेपथ्य, रंगभूषा. मग तबला, ढोलकी, बासरी, सिंथेसायझर, ऑक्टोपॅड. मग संगीत संयोजन, गायक, गायिका, निवेदन, संहिता आणि संकल्पना. संकल्पना बहुधा एका बाईंची असते आणि संहिता त्यांच्या यजमानांची. एवढं चढून गेल्यावर शिखरावर गदिमांचा फोटो दिसतो. बाकी प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम लिहिलेलं असतं, गदिमांच्या नावापुढे काही नसतं. लग्नात वधूपित्याचं जे होतं ते इथे गीतकाराचं होतं. सगळं त्याच्या जिवावर चाललेलं असतं आणि पंगतीत त्याचा पाट मांडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

गदिमांऐवजी दुसरे कुणी असले तरी पत्रिका तीच असते म्हणा. शांताबाई आहेत, पाडगांवकर आहेत, सुधीर मोघे आहेत. ठाण्याकडे पी. सावळाराम आहेत. त्यांच्या कार्यक्रमात सासरी जाणाऱ्या मुलीचं गाणं आलं की सभागृहातल्या बायका पर्समधून रुमाल काढतात, आणि ज्यांच्या मुली सासरी जाऊन वीस वर्षं झाली त्याच जास्त रडतात. जगदीश खेबुडकरांच्या कार्यक्रमाला आधी ढोलकीवाला ठरतो, तारीख नंतर. सुरेश भटांच्या कार्यक्रमात शेर पुरा व्हायच्या आत 'क्या बात है' म्हणणारे एक गृहस्थ असतातच, आणि ते नेमके माझ्याच शेजारी बसतात. पण गदिमांवरचा कार्यक्रम सगळ्यांत अवघड, कारण या माणसाने लिहून ठेवलंय फार. अभंगाच्या वळणाचं, लावणीच्या वळणाचं, ओवी, भूपाळी, अंगाई, समरगीत, शिवाय दीडशेच्या घरातले मराठी चित्रपट. एवढं सगळं तीन तासांत बसवायचं, त्यात मध्यंतर, आणि मध्यंतरात बटाटेवडा.

पत्रिकेवर 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' असं असतं. नाट्यगृहात गेल्यावर कळतं की सगळ्या जागा राखीव असून काही जागा विनामूल्य आहेत. पहिल्या सात-आठ रांगांच्या पाठींवर 'निमंत्रित' असे कागद चिकटपट्टीने लावलेले असतात. त्या रांगांत कुणीही नसतं. त्यांच्या मागे माणसं पायऱ्यांवर बसलेली असतात आणि एक कोवळा स्वयंसेवक हात पसरून त्या रिकाम्या खुर्च्यांचं रक्षण करत असतो. मग केव्हातरी आयोजक विंगेतून त्याला मान हलवून खूण करतात. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून ज्यांनी भांडून तळमजल्याची प्रवेशिका मिळवली होती, ते सगळे ज्येष्ठ नागरिक पुढच्या क्षणाला ज्या चपळाईने रांगा ओलांडतात, ती अस्थिरोगतज्ज्ञांनी एकदा येऊन बघावी.

त्यानंतर दीपप्रज्वलन. पाच वाती, पाच पाहुणे, एक मेणबत्ती आणि नेमका समईवर येणारा एसीचा झोत. चौथ्या पाहुण्यांची वात पेटते तेव्हा दुसऱ्यांची विझते. दुसरे पाहुणे पुन्हा पुढे येतात. फोटोग्राफर म्हणतो, "सर, तसंच धरा." सर विझलेल्या वातीला मेणबत्ती टेकवून कॅमेऱ्याकडे बघत हसतात. मग तसबिरीला हार, मग शाल, श्रीफळ आणि हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोप. त्या कुंड्या घेऊन पाहुणे खुर्चीत बसले की रंगमंचाची रोपवाटिका होते. प्रायोजकांपैकी एक बांधकाम व्यावसायिक माइक हातात घेऊन म्हणतात, "मला गाण्यातलं काही कळत नाही." इथे खरं तर भाषण संपायला हवं. तिथून ते सुरू होतं.

या सगळ्यात चाळीस मिनिटं जातात, आणि ती कुठूनतरी भरून काढावी लागतात. निवेदिका ती गदिमांच्या बालपणातून काढते. गदिमा १९१९ साली आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मले. सत्कार वेळेत आटोपले असतील तर पुढे औंध संस्थान येतं, कुंडल येतं, घरची गरिबी येते, आईच्या ओव्या येतात. सत्कार लांबले असतील तर शेटफळ्यात जन्मलेलं बाळ पुढच्याच वाक्याला कोल्हापुरात उतरतं आणि १९३८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात काम करू लागतं. एका कार्यक्रमात तर दोन नगरसेवक अनाहूत आले होते, तेव्हा गदिमा थेट लग्नाच्या वयाचेच जन्मले.

एक वाक्य मात्र कितीही घाई असली तरी गाळलं जात नाही, ते म्हणजे मॅट्रिकला ते गणितात अडकले. यावर टाळी ठरलेली. पुण्यात गणितात नापास होण्याला टाळी मिळण्याचं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. माझ्या पुढच्या रांगेत एका आजोबांनी नातवाला संस्कारांसाठी धरून आणलं होतं. पोरगं तोवर मान खाली घालून मोबाइलवर गोळ्या झाडत होतं. गणित आणि नापास हे शब्द एका वाक्यात ऐकल्याबरोबर त्याने पहिल्यांदा रंगमंचाकडे पाहिलं आणि मग आजोबांकडे पाहिलं. "ते वेगळं होतं," आजोबा पुटपुटले. उरलेला वेळ पोरगं निवेदन लक्षपूर्वक ऐकत होतं, न जाणो, इतिहासात आणि भूगोलातही काही निघेल.

निवेदिका हा या कार्यक्रमाचा कणा. काठापदराची साडी, हातात चामडी फाइल, आवाजाला मध लावलेला. 'रसिकहो' म्हटल्यावर ती एक श्वास सोडते, तेवढ्यात सिंथेसायझरवाला मागे हळूच स्वर धरतो. मग ती सांगते की गाणं कसं सुचलं. या कार्यक्रमांचा हा मूळ सिद्धांतच आहे. गीतकाराने लिहिलेलं प्रत्येक गाणं आधी त्याच्या आयुष्यात घडलेलं असलं पाहिजे. मातीचं मडकं घडवणाऱ्यावरचं गाणं आलं की गदिमांनी आयुष्यभर सोसलेल्या आघातांचा उल्लेख होतो. ते गाणं 'प्रपंच' चित्रपटातलं, १९६१ सालचं, आणि तिथे पडद्यावर एक अख्खा कुंभार चाक फिरवत बसलेला आहे, याचा उल्लेख होत नाही. आईचं गाणं आलं की आई, पावसाचं आलं की माणदेशातला दुष्काळ, नदीचं आलं की बालपणीची नदी. माणदेशात जिला बारा महिने पाणी असेल अशी नदी कुठली, हे विचारायचं नसतं.

सिद्धांत अडतो तो लावणीला. 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा चित्रपट पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला, आणि त्यातली आशाबाईंनी गायलेली, साताऱ्याच्या वाटेवर कानातला दागिना हरवल्याची तक्रार करणारी लावणी गदिमांची. आता हिला आयुष्यातला प्रसंग कुठून आणायचा? मी श्वास रोखून बसलो होतो. निवेदिकेने फाइलचं पान उलटलं, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "प्रतिभावंताला सर्व अनुभव घ्यावेच लागतात असं नाही." पुढच्या गाण्याला तिने पुन्हा आईच्या ओव्यांपाशी येऊन सुटकेचा श्वास टाकला.

खरी गोष्ट अशी, की चित्रपटातलं गाणं सुचत नाही, ते मागवलं जातं. दिग्दर्शक प्रसंग सांगतो, संगीतकार कधी चाल ऐकवतो, निर्माता घड्याळ बघतो. स्टुडिओची तारीख पडलेली असते. अशा धबडग्यात गदिमांनी १९५३ या एकाच वर्षी 'देवबाप्पा'साठी आंब्याच्या बनात मोराला नाचवणारं गाणं लिहिलं आणि 'गुळाचा गणपती'साठी इंद्रायणीकाठची समाधी डोळ्यांपुढे उभी करणारं. पहिलं बालवाडीत गेलं आणि तिथून आजवर बाहेर आलेलं नाही. दुसरं भीमसेन जोशींच्या गळ्यातून थेट वारीत गेलं. दोन्हींना चाल पु. ल. देशपांड्यांची, शब्द याच एका हाताचे. मागितलं तसं, मागितलं तेव्हा आणि मागणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा चार अंगुळं वरचं द्यायचं, हे कसब आहे. आणि कसबावर निवेदन करता येत नाही. 'रसिकहो, त्या दिवशी त्यांनी सकाळी बसून व्यवस्थित काम केलं' या वाक्याला सिंथेसायझरवाला कुठला स्वर धरणार?

त्यात या कसबाने मालकाचाच घात केला. 'गुळाचा गणपती'मधलं ते गाणं इतकं अस्सल वठलं की ते कुणी लिहिलं असेल अशी शंकाच लोकांना येत नाही. आमच्या ओळखीच्या एका भजनी मंडळाच्या वहीत ते निळ्या शाईत सुवाच्य अक्षरात उतरवलेलं आहे आणि खाली लिहिलंय, 'संत नामदेव'. मी मंडळाच्या प्रमुख काकूंना म्हटलं, हे गदिमांचं आहे. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाल्या, "गदिमांनी सिनेमाची गाणी लिहिली. हा अभंग आहे." मी म्हटलं, हे सिनेमातलंच आहे. "मग सिनेमावाल्यांनी अभंग घेतला असेल," काकू म्हणाल्या आणि टाळ उचलले. नामदेवांपर्यंत जाऊन हे प्रकरण मिटवावं इतकी माझी पोच नाही.

गीतरामायणाच्या बाबतीत मात्र असा घोटाळा होत नाही. तिथे नाव पक्कं आहे आणि किस्सेही पक्के आहेत, फक्त आकडे हलते आहेत. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी, सीताकांत लाडांची कल्पना, सुधीर फडक्यांचं संगीत. आठवड्याला एक गाणं, वर्षभर. ठरली होती ५२ गाणी. पण त्या वर्षी अधिक महिना आला, पुढची रामनवमी लांबली आणि गाणी झाली ५६. पंचांगाने मराठी साहित्यात घातलेली एवढी घसघशीत भर दुसरी नसेल. कुठल्याही निवेदनात हे येत नाही, कारण अधिक महिना डोळ्यांत पाणी आणत नाही.

निवेदनात येतो तो कागद हरवल्याचा किस्सा. पहिल्या गाण्याचा कागद ऐन वेळी सापडेना, ध्वनिमुद्रण तोंडावर आलेलं, गदिमा संतापले आणि मग एका बैठकीत त्यांनी गाणं पुन्हा लिहून दिलं. हा किस्सा सगळे सांगतात. फरक पडतो तो बैठकीच्या लांबीत. सदाशिव पेठेत ती पंधरा मिनिटांची असते, कोथरूडला दहा. डोंबिवलीत एका निवेदकाने ती पाच मिनिटांवर आणली, तेव्हा मला त्यांची काळजी वाटली, कारण तेवढ्या वेळात ते गाणं नुसतं उतरवूनही होत नाही. याच वेगाने दोन-चार वर्षांत गाणं कागद हरवायच्या आधीच लिहून झालेलं असेल. आणि या किश्श्याला लागून येतो दुसरा, रामजन्माच्या गाण्याचा. ते काही केल्या पुरं होईना, घरातून विचारणा झाली, तेव्हा गदिमांनी जन्माला कोण यायचंय, आपल्यासारखा कुणी अण्णा थोडाच आहे, अशा अर्थाचं काहीतरी उत्तर दिलं म्हणतात. म्हणजे एक गाणं विलक्षण लवकर झालं म्हणून टाळी, आणि लगेच दुसरं विलक्षण उशिरा झालं म्हणून टाळी. उरलेली चौपन्न वेळच्या वेळी झाली. त्यांचं कुणाला सोयरसुतक नाही. शिस्तीला पुण्यात मान आहे, टाळी नाही.

हे किस्से चालू असताना प्रेक्षागृहात एक समांतर निवेदन चालू असतं. पुण्यात सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने गदिमांना पाहिलेलं आहे. मुंबई-पुणे रस्त्यावर वाकडेवाडीला त्यांचं 'पंचवटी'. तिथे चहा न घेतलेला ज्येष्ठ नागरिक मला अजून भेटायचा आहे. "अण्णा आमच्याकडे यायचे," उजवीकडचे काका म्हणतात. "आम्ही अण्णांकडे जायचो," डावीकडचे त्यांना नमवतात. मधे बसलेल्या मला दोन्हीकडून माहिती मिळत राहते आणि गाणं समोरून. उजवीकडच्या काकांना मूळ ध्वनिमुद्रिका पाठ असते. गायिकेने अंतऱ्याच्या आधी एखादी हरकत घेतली की ते माझ्या गुडघ्यावर बोट आपटतात. "ही जागा मूळ गाण्यात नाही." गायिका दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेतून आलेली असते, तिथे तिला जागा घ्यायचे गुण मिळालेले असतात. ती आणखी एक घेते. गुडघ्यावर आणखी एक बोट. मध्यंतरापर्यंत माझा गुडघा हुळहुळतो.

आता मागे मोठा एलईडी पडदाही आला आहे. गाणं ऐकताना लोकांनी डोळे मिटून घेतले तर काय, ही भीती कुणाला वाटली कोण जाणे. इंद्रायणीच्या गाण्याला पडद्यावर स्वित्झर्लंडमधलं निळं तळं आलं, त्यात दोन हंस. कृष्णा संथ वाहते असं गायक गात असताना मागे नायगारा कोसळत होता. वाईच्या घाटावर एकदा बसून आलेल्या कुणालाही विचारून घ्यायला हरकत नव्हती. सीतेला मोहात पाडणारं सोन्याचं हरीण आलं ते फांदीदार शिंगांचं, बर्फातून धावत, आणि नीट पाहिलं तर त्याच्या मागे घसरगाडीचा दोर दिसत होता. सीता पंचवटीत कुटीच्या दारात उभी आणि हरीण नाताळच्या कामावर. गंमत अशी, की त्या शब्दांत हरणाचा डौल, चपळाई, सोनेरी कातडं सगळं लख्ख उभं आहे. पडदा विझवला असता तर ते हरीण प्रत्येकाला आपापलं दिसलं असतं.

सुधीर फडके स्वतः पेटी घेऊन गीतरामायण गात तेव्हा मागे काळा पडदा पुरत असे. पण तो काळ निराळा, तेव्हा लोक ऐकायला येत.

२०१९ साल आठवतं? गदिमा, बाबूजी (म्हणजे फडके) आणि पुलं, तिघेही १९१९ चे, म्हणून तिघांची जन्मशताब्दी एका वर्षात आली आणि महाराष्ट्रातल्या नाट्यगृहांच्या तारखा संपल्या. बऱ्याच आयोजकांनी एका समईत तिघांना बसवलं. तिथेही वाटणी कशी झाली पाहा. पुलंच्या किश्श्यांना हशा, बाबूजींच्या चालींना दाद. आणि गदिमा? त्यांचा उल्लेख 'या चालीला तितक्याच समर्थ शब्दांची साथ लाभली' असा. आधी शब्द लिहिणाऱ्याची नंतर आलेल्या चालीला साथ. हे ऐकून तबलजीनेसुद्धा वर पाहिलं, कारण साथ म्हणजे काय ते त्याला ठाऊक असतं.

मध्यंतरानंतर घड्याळाचं राज्य सुरू होतं. रात्रीच्या नाटकाचं सामान मागच्या दाराशी येऊन थांबलेलं असतं, व्यवस्थापक विंगेत उभा राहून मनगटाकडे बोट दाखवत असतो, आणि यादीतली पंधरा गाणी शिल्लक असतात. यावर रामबाण उपाय म्हणजे मेडली. एका ठेक्यात एका गाण्याचं ध्रुपद, दोनदा, ऑक्टोपॅडची एक कोलांटी, की दुसऱ्याचं ध्रुपद. सात-आठ मिनिटांत पंधरा गाणी उरकतात. लावणीच्या पाठोपाठ भक्तिगीत, त्याच्या पाठोपाठ अंगाई. ठेका तोच राहतो, त्यामुळे अंगाईलाही माणसं टाळ्यांचा ताल धरतात. त्या गतीने झोपणारं बाळ मी तरी पाहिलेलं नाही.

आणि इथेच गीतकार कार्यक्रमातून बाहेर पडतो. कारण ध्रुपद हा चालीचा इलाखा. ते लोकांना पाठ असतं, कारण ते पुन्हा पुन्हा येतं. गदिमांची खरी करामत असते ती अंतऱ्यात, आणि तीही शेवटच्या. पहिल्या कडव्यात नुसती मांडामांड असते, दुसऱ्यात सूत ताणलं जातं आणि तिसऱ्यात असा काही पिळा बसतो की सुरुवातीचं साधंसुधं ध्रुपद परत येतं तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो. तीच अक्षरं, तीच चाल, पण आता ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा. हे लिहिणं सोपं नाही. चालीचं माप एका मात्रेने हलू द्यायचं नाही, जोडाक्षर गायकाच्या श्वासाआड येऊ द्यायचं नाही आणि पडद्यावरच्या गावंढळ पोरीच्या तोंडी तिला न शोभणारा शब्द घालायचा नाही. या सगळ्यातून वाट काढत त्या शेवटच्या कडव्यापर्यंत जायचं, आणि तिथे पोचल्यावर समोर व्यवस्थापक मनगट दाखवत उभा.

गीतरामायणात तर याने कथाच अडते. तिथली गाणी लांब, कडव्यामागून कडवी, कारण प्रत्येक गाण्यात एक प्रसंग पुरा होतो. रंगमंचावर त्यातली दोन कडवी होतात. दोन कडव्यांत सीता हरीण मागते, ते आणायला कुणी जात नाही. भरत भावाला भेटायला निघतो आणि रस्त्यातच टाळ्या पडतात. मी पाहिलेल्या एका प्रयोगात सेतू अर्धाच झाला होता आणि पुढचं गाणं लंकेतलं होतं. वानरसेना पलीकडे कशी गेली, हा प्रश्न मी घरी घेऊन आलो.

प्रेक्षकांचंही काही चुकत नाही, असं नाही. मेडलीच्या भरात गायकाला उत्साह आला, त्याने माइक पुढच्या रांगेकडे वळवला आणि "आता तुम्ही!" म्हणाला. आठशे माणसांनी ध्रुपद उचललं. छत दणाणलं. उजवीकडचे काका, डावीकडचे काका, गणितवाला नातूसुद्धा. गायक खूश झाला आणि माइक तसाच धरून राहिला. ध्रुपद संपलं. अंतरा सुरू झाला. पहिला शब्द बहुतेकांना आला. दुसरा निम्म्यांना. तिसऱ्या शब्दाला सभागृहातून नुसता 'हंऽऽ हं हंऽऽ' असा हुंकार येऊ लागला. सूर पक्का, ताल पक्का, फक्त शब्द गायब. आठशे माणसं, सगळी गदिमाप्रेमी, गदिमांना वगळून गदिमांचं गाणं गात होती. पाचव्या-सहाव्या रांगेतून एकच बारीक, थरथरता आवाज पुढचे शब्द अचूक म्हणत होता. नऊवारीतल्या एक आजी, डोळे मिटून, हात मांडीवर. शेजारच्या मुलीने त्यांच्या दंडाला हात लावून "आई, हळू" म्हटलं. आजींनी हात झटकला आणि कडवं पुरं केलं. मग गायकाला ध्रुपद सापडलं आणि छत पुन्हा दणाणलं.

गदिमा १२ वर्षं विधान परिषदेत होते, १९७३ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, १९६९ ला पद्मश्री, व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा त्यांची. हे सगळं मेडली संपताना, टाळ्या चालू असताना, निवेदिका एका दमात म्हणून टाकते. तेवढ्यात दिवे मंद होतात. बासरी. १४ डिसेंबर १९७७. वय ५८. एवढंसं आयुष्य आणि तरी या कार्यक्रमात ते कुणाला पुरवून वापरता येत नाही. निवेदिका फाइल मिटते, दोन सेकंद मान खाली घालते आणि त्याच श्वासात प्रायोजक, ध्वनिव्यवस्था, नाट्यगृहाचे कर्मचारी आणि मुद्रणालय यांचे आभार मानून भैरवीकडे वळते. भैरवीचा पहिला आलाप सुरू होताच अर्धं प्रेक्षागृह उठतं. पार्किंगमधली गाडी आधी निघावी म्हणून. उरलेलं अर्धं, ज्यांच्या गाड्या त्या गाड्यांनी अडवलेल्या असतात, ते शेवटपर्यंत बसून ऐकतं.

दाराशी आयोजक प्रत्येकाचा अभिप्राय विचारत उभे असतात. एक बाई म्हणाल्या, "ती मधली गाणी छान होती, एकामागून एक आली ती." डावीकडचे काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, कार्यक्रम चांगला होता, पण अण्णा आमच्याकडे आले होते तो प्रसंग घ्यायला हवा होता, तुम्ही काही लिहिता ना, तुम्ही लिहा. आयोजकांनी मला बाजूला घेतलं आणि पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाची पत्रिका हातात दिली. अजून शाईचा वास येत होता. 'मातीचा सुगंध : आपली पारंपरिक गाणी'. तोच गायक, तीच गायिका, तोच ऑक्टोपॅड.

"या वेळी गीतकाराची भानगडच नाही," आयोजक समाधानाने म्हणाले. "सगळं लोकपरंपरेतलं. चरित्र नको, फोटो नको, वेळ वाचतो."

मी मागच्या बाजूची गाण्यांची यादी वाचली. त्यात गदिमांची चार होती.

"ही पूर्ण होणार का?" मी विचारलं. "सगळ्या अंतऱ्यांसकट?"

"बघू," ते म्हणाले. "सत्कार किती आहेत त्यावर आहे."